चक्का, कोथिंबीर आणि बहात्तर गावं

आमच्या घरात 'डिप' हा शब्द सायलीहून आला. सायली म्हणजे कुणी मुलगी नव्हे, गाव. दादरा नगर हवेलीत, सिल्वासा शहराजवळ. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात माझी भाची शिकते. माझा रक्तदाब वाढल्याची बातमी तिच्या आईने तिला पोचवली आणि त्याच रात्री मोबाईलवर हुकूम आला. "मामा, तोरांचं लोणचं, बालचांव, पापड सगळं बंद. तोंडी लावायला हर्ब डिप करून खा. हेल्दी असतं, क्रीमी असतं, पाच मिनिटांत होतं." सोबत यादी होती. ग्रीक योगर्ट, कोथिंबीर, पुदिना, शेपू, लसूण, लिंबू. (नावातच साय असलेल्या गावाहून सायदार पदार्थाची कृती यावी हा निव्वळ योगायोग. गावाच्या नावाची व्युत्पत्ती म्हणून कुणी हे कृपया घेऊ नये!)

आमच्या सौ.ने ती यादी वाचली आणि म्हणाली, "अहो, ग्रीक योगर्ट म्हणजे चक्काच ना हा? आणि बाकीची तर हिरवी चटणी." मुद्दा बिनतोड होता. पण मी पडलो सरकारी कारकून. फाईल तीच असते, वरचं शीर्षक बदललं की टेबल बदलतं, सही करणारा बदलतो आणि कधी कधी मालकही बदलतो, हे मी रोज बघतो. त्यामुळे चटणीचं 'डिप' झालं यात नुसती फॅशन आहे असं मला वाटेना. त्यात ही कृती आली ती सायलीहून, म्हणजे ज्या बहात्तर गावांच्या मालकीवरून, जुन्या मराठी कागदांचा अर्थ लावत, दोन देश थेट हेगच्या न्यायालयात भांडले त्यांच्यातल्या एका गावाहून. त्या खटल्याकडे येऊच. आधी वाटीत काय आहे ते पाहू.

वाटीत मुळात दोनच गोष्टी आहेत. एक हिरवा पाला आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी दाट वस्तू. पाला वाटून खायची रीत जगात बहुतेक ठिकाणी आहे. फरक पडतो तो दाट वस्तूत, आणि ती ज्या त्या मुलखात मुबलक मिळेल तशी ठरते. आपल्या गोव्यात ती नारळातून आली. चटणी म्हटली की खोबरं, कढी म्हटली की नारळाचा रस. कोकणपट्टीतली गुरं लहान चणीची, दूध बेताचं, मग साय खायची कुठून? ती नारळाचीच खायची. घाट चढून वर गेलं की दही-दूध सुरू होतं, आणि नाशिक-जव्हारकडच्या डोंगरात शेंगदाणा नाहीतर खुरासणी, म्हणजे कारळे. पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेजु म्हणून प्रांत आहे. तिथले गरीब शेतकरी कोथिंबीर, लसूण आणि मीठ खलात कुटतात, त्यावर ऑलिव्हचं तेल आणि गरम पाणी ओततात आणि शिळा पाव त्यात बुडवतात. त्याला म्हणतात आसोर्दा. त्यांची दाट वस्तू म्हणजे पाव. आता या नकाशावर दादरा नगर हवेली शोधा. समुद्र जवळ, पण माड आपल्यासारखे नाहीत. एका अंगाला गुजरातचं दुधाचं राज्य, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचा डोंगर. वारली, कोकणा, धोडिया लोकांची वस्ती आणि ताटात नागलीची भाकरी. अशा शिवेवरच्या गावातून चक्क्याची चटणी गोव्यात यावी हे तसं रीतीला धरूनच झालं म्हणायचं.

चक्का किती जुना? दही, साखर आणि सुगंधी मसाल्यांची 'रसाला' आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. तिचंच दुसरं नाव शिखरिणी, आणि आपल्या श्रीखंडाचं नातं तिच्याशी लावतात. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. राजाने काय खावं-प्यावं यावर त्यात आख्खं प्रकरण आहे आणि शिखरिणी तिथेही आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचला. त्याचा संबंध तंजावरच्या भोसले दरबाराशी, व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंशी येतो. त्यात दुधा-दह्याचे गुणदोष असे मांडले आहेत की आजच्या आहारतज्ज्ञानेही मान डोलवावी. थोडक्यात, फडक्यात दही बांधून खुंटीला टांगायला आपल्याला ग्रीकांनी शिकवलेलं नाही. त्यांनाही आपण शिकवलेलं नाही. उन्हाच्या देशात दही टिकवायचं तर त्यातलं पाणी काढायचं, ही अक्कल प्रत्येकाला आपापली सुचते. अरबांनी त्याला लबने म्हटलं, तुर्कांनी दही-काकडीला जाजिक म्हटलं आणि ग्रीकांचं झाझिकी हे नाव त्या जाजिकवरूनच आलं. 'ग्रीक' हे नाव दुकानदारांनी जगभर पक्कं केलं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, चक्का गोड, चटणी तिखट, या दोघांचं लग्न आपल्यात कधी लागलं होतं? त्यासाठी लांब जायला नको. काणकोण ओलांडून कारवारकडे उतरा. उत्तर कन्नडमध्ये 'तंबळी' करतात. एकपानी, म्हणजे ब्राह्मीची पानं, किंवा दारातला दुसरा कुठलाही औषधी पाला तुपात जिऱ्या-मिऱ्यांबरोबर परततात, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटतात आणि ताकात कालवतात. ती थंडच खायची, भाताबरोबर, जेवणाच्या सुरुवातीला. पाला, खोबरं आणि दही, तिन्ही एका वाटीत! तंबळीत पाणी जास्त असतं, डिपमध्ये कमी, पण दोघांचं कूळ एक. माझ्या मते भाचीच्या 'हर्ब डिप'ची सर्वांत जवळची नातलग तंबळीच आहे, आणि तिच्यात तिखटपणा मिऱ्यांचा आहे, मिरचीचा नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मिरचीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथे आपल्या गोव्याची अब्रू गुंतली आहे. मिरची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती इकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरी. आपल्या भाषांनी नव्या पाहुणीला जुन्याच घरात जागा दिली. मिऱ्यावरून मराठीत मिरची झाली, कोंकणीत मिरसांग. मुंबईकडे तर एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त स्वयंपाकघरातल्या जिनसांचे भाव तपशीलवार दिले आहेत. त्यात मिरी आहे, आलं आहे, मिरचीचा पत्ता नाही. म्हणजे ज्या हिरव्या चटणीला आपण अनादिकाळापासूनची समजतो, तिचा झणझणीतपणा चार-साडेचारशे वर्षांपलीकडचा नाही.

कोथिंबिरीची गोष्ट नेमकी उलटी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुस्तुंबुरु' या शब्दासाठी खास सूत्र आहे. आपली कोथिंबीर त्याच शब्दातून प्राकृताच्या वाटेने झिजत आली. तिकडे इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यात धणे सापडले. युरोपात आज बहुतेक ठिकाणी कोथिंबिरीचा पाला जेवणात फारसा दिसत नाही, कित्येकांना तर त्याला साबणाचा वास येतो. अपवाद पोर्तुगीजांचा. त्यांची 'कोएंत्रु' त्यांच्या रस्सा-भातात हवीच. म्हणून गोव्यात दोन कोथिंबिरी एकमेकींना भेटल्या आणि कुणालाच काही परकं वाटलं नाही. आपल्या काफ्रेआलचा हिरवा मसाला बघा. नाव आफ्रिकेकडचं, विनेगर पोर्तुगीजांचं, मिरची अमेरिकेची, कोथिंबीर दोघांची. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ इथेच छापला गेला. त्यात हिरवं आलं बारीक चिरून, इतर पाल्यांत मिसळून, तेल, विनेगर आणि मीठ घालून खातात अशी नोंद आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचं गोव्याचं सॅलड! पाल्याला तेल-आंबट लावून कच्चंच खाणं ही इथली आजची टूम नव्हे.

मग 'डिप' हा शब्द आणि त्यामागचा थाट कुठला? तो अमेरिकेचा. १९२३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात जॉर्ज अर्लिस या नटाच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथल्या मुख्य आचाऱ्याने पाला, अंड्याचं मेयोनीज आणि खारवलेले मासे घालून एक हिरवंगार कालवण केलं आणि अर्लिसच्या नाटकावरून त्याला 'ग्रीन गॉडेस' हे नाव दिलं. नाटक विल्यम आर्चरचं. त्यात हिमालयाच्या पलीकडे एक काल्पनिक संस्थान, तिथला राजा आणि त्याच्या प्रजेची हिरवी देवी आहे. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध हिरव्या कालवणाचं नाव आपल्यासारख्याच एका खोट्या हिंदुस्थानावरून पडलेलं! पुढे १९५४च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कुणीतरी आंबट सायीत कांद्याच्या सूपची पुडी कालवली. टीव्हीसमोर बसून बटाट्याचे काप त्यात बुडवून खायची चाल पडली आणि डिप घरोघरी पोचलं. जर्मनीत फ्रँकफर्टची सात पाल्यांची हिरवी चटणी मात्र आपलं गावठी नाव टिकवून राहिली. २०१६ साली तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. सातही पाले कोणते ते त्यात ठरलेले आहेत. कागदावर नाव नोंदवून घेणं म्हणतात ते असं.

आणि आता कागदांकडे. १९५४ हे साल आलंच आहे. लॉस एंजेलिसमध्ये डिपचा जन्म होत होता त्याच वर्षी आपले गोमंतकीय तरुण सायलीच्या आसपासच्या रानात होते. २२ जुलैला दादरा मुक्त झालं, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. दादऱ्याला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, सिल्वासाला आझाद गोमंतक दल आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातले स्वयंसेवक. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी ही नावं आपल्याला नवी नाहीत. संगीतकार सुधीर फडके त्यात होते हेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गोव्याला १९६१च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. त्या बहात्तर गावांनी मधली सात वर्षं आपला कारभार आपणच चालवला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी ती भारतात सामील झाली. सामीलनाम्यावर सही करण्यापुरते बदलानी नावाचे सनदी अधिकारी एका दिवसाचे 'पंतप्रधान' झाले होते. माझ्या खात्यातल्या कुणालाही ही गोष्ट सांगितली की त्याचे डोळे चमकतात.

पोर्तुगाल हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेलं होतं. मूळ गोष्ट १७७९च्या तहाची. इंग्रजांशी लढाई चालू असताना पोर्तुगीजांना दुखवायचं नाही म्हणून पुणे दरबाराने त्यांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं देऊ केली. १७८३ आणि १७८५ साली सनदा निघून गावं त्यांच्या ताब्यात गेली. आता प्रश्न असा की पेशव्यांनी दिलं काय? मुलूख दिला की मुलखाचा महसूल? भारताचं म्हणणं, ही सरंजामासारखी देणगी, फक्त वसुलाचा हक्क. पोर्तुगालचं म्हणणं, सार्वभौमत्व. मराठी आणि पोर्तुगीज मजकुरांचा कीस पडला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने मानलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचाच हक्क होता. पण पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची मालकी वहिवाटीने मान्य होत गेली, असंही म्हटलं. कागदात एक, वहिवाटीत दुसरं! पांडुरंग पिसुर्लेकरांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या १९६७च्या ग्रंथात या दोन दरबारांच्या व्यवहारांचं जे जग उभं राहतं ते ज्याला कागदांची आवड आहे त्याने जरूर वाचावं.

चटणीशी याचा संबंध काय, असं सौ.ने विचारलंच. मी म्हटलं, संबंध वहिवाटीचा. दुकानातल्या डबीवर 'हर्ब डिप' छापलेलं असतं आणि त्या नावाने पैसे वसूल होतात. पण डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा आत तेलाचं मेयोनीज, साखर आणि भरपूर मीठ असतं, पाला नावापुरता. लोणचं सोडून ते खाल्लं तर माझ्या रक्तदाबाचं नशीब काही उघडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. पाच ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, मासे, पाव सगळं आलं. म्हणून घरी करायचं.

आम्ही करतो ते असं. अर्धा किलो सायीचं दही पातळ सुती फडक्यात बांधून गाळणीत ठेवायचं आणि गाळणी भांड्यावर ठेवून सगळंच फ्रीजमध्ये सारायचं. खुंटीला टांगणं पुण्याच्या हवेत ठीक, आपल्याकडे मे महिन्यात दही तासाभरात आंबून बसतं. चार-पाच तासांत दोनशे ग्रॅमच्या वर चक्का मिळतो. कोथिंबीर दोन मुठी, पुदिना अर्धी मूठ, शेपूच्या दोन-तीन काड्या. धुऊन अगदी कोरड्या करायच्या, पंचावर पसरून. पाला ओला राहिला तर डिपची कढी होते. मिक्सर नको. सुरीने बारीक चिरायचं, कारण मिक्सरमध्ये चक्क्याची घडण मोडते आणि तो पातळ होतो. लसणीची एक पाकळी ठेचून, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, मिरीचे चार-पाच दाणे भरडून, लिंबाचे थेंब. मिरची नाही. तंबळीवाल्यांना साडेचारशे वर्षांपूर्वी जे पुरत होतं ते मलाही पुरतं. (मुलांसाठी अर्धी हिरवी मिरची वेगळ्या वाटीत.) मीठ चिमूटभर, आणि तेही वाढताना. आधी घातलं तर पाल्याला पाणी सुटतं. ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी संपवलेलं बरं. दह्याच्या आंबटाने पाल्यातलं हरितद्रव्य बदलतं आणि दुसऱ्या दिवशी पोपटी रंगाचा शेवाळी होतो. खायला हरकत नाही, पण ताटात शोभत नाही.

रात्री दही खाऊ नये, हे वाग्भटाने सांगितलंय आणि माझ्या आईनेही. म्हणून आमच्या घरी हे दुपारचं तोंडीलावणं. नाचणीच्या भाकरीशी, काकडीशी, तळलेल्या बांगड्याशीसुद्धा. भाचीला बांगड्याचं सांगितलेलं नाही.

एक राहिलं. खाली भांड्यात जमलेलं पिवळसर पाणी ओतून टाकू नका. दही गाळलं की चक्क्यात प्रथिनं दाट होतात, पण आंबटपणामुळे विरघळलेल्या कॅल्शियमचा बराच भाग त्या पाण्याबरोबर खाली उतरतो. आम्ही त्यात नाचणीचं पीठ मळतो. भाकरीला किंचित आंबूस चव येते. आईला ती आवडते, मुलांना नाही.